पुरणपोळीवरचा स्लॅब

मी कास्टिंग तपासतो. फौंड्रीत सोळा वर्षं झाली, त्यातली शेवटची चार कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. नग हातात घ्यायचा, गेज लावायचं आणि केसभर फरक असला तरी लाल खडूनं फुली मारून परत पाठवायचा. माझ्या फुलीपुढं मालकाचा मेहुणासुद्धा तोंड उघडत नाही. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. बरं, थोडं मोठेपणासाठीच सांगतोय, कारण पुढं जे सांगायचंय त्यात माझ्या वाट्याला मोठेपणा म्हणून काहीही आलेला नाही. वृषभ मगदूम या माणसाची, म्हणजे माझी, चारचौघांत जी शोभा झाली ती कशी झाली, हे निदान सरळ क्रमानं तरी लोकांना कळावं. आमच्या जैन मंदिराच्या, बस्तीच्या पायऱ्यांवर सध्या जे ऐकू येतंय त्यात ना क्रम आहे ना सरळपणा.

घर बांधायचं ठरलं ते माझ्या आईसाठी. तिला आम्ही सगळे अव्वा म्हणतो. आमचा फ्लॅट शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला बासष्ट पायऱ्या, आणि अव्वाचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दोन वर्षांत ती चार वेळा खाली उतरली : दोनदा दवाखान्यात, एकदा पर्युषणात आणि एकदा मतदानाला. बाकी सगळा दिवस गॅलरीतल्या खुर्चीवर. कधी काही मागितलं नाही तिनं. फक्त एकदा तुळशीच्या कुंडीतली माती बोटानं उकरत म्हणाली, "पायाला माती लागून दोन वर्सं झाली बघ." हे ऐकून मला रात्री जेवण गेलं नाही, असं मी म्हणणार होतो, पण आम्ही रात्री जेवतच नाही. सूर्य बुडायच्या आत आमची ताटं धुऊन पालथी पडलेली असतात. हा नियम लक्षात ठेवा. माझं वाटोळं झालं ते या नियमानं नव्हे, नियमाचा मी जो उपयोग केला त्यानं.

अव्वाचं माहेर गगनबावड्याजवळ, कातळेवाडीचं. तिच्या वडिलांचं तिथं किराणा दुकान होतं. दुकान गेलं, माणसं गेली, पण जागा विकाऊ आहे असं कळलं, आणि दोन हजार तीनच्या दिवाळीत मी ती घेऊन टाकली. दोन खोल्या, पुढं पडवीसारखा सोपा, जमिनीला लागून एकच पायरी. अव्वाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की माती. एवढंच घर. काही हवेली बांधत नव्हतो.

पण कोल्हापुरात माणूस घर बांधतोय म्हटल्यावर गावाला आपली पोरगी द्यायची असल्यासारखी चौकशी सुरू होते. खालच्या मजल्यावर सोमशेखर आण्णा राहतात, लक्ष्मीपुरीत त्यांचं कापडाचं दुकान आहे. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी न्हाणीघर बांधलेलं नाही, पण दुसऱ्याच्या बांधकामात त्यांचा हात कुणी धरणार नाही. ते म्हणाले, बावड्यात? तिथं पावसाळ्यात माणसाला शेवाळ धरतं. मग म्हणाले, घर पूर्वेला तोंड करून बांध. मग म्हणाले, उत्तरेला. मग एकदा जिन्यात अडवून म्हणाले, त्यापेक्षा तळमजल्यावरचा फ्लॅट का घेत नाहीस, माझाच विकायचा विचार आहे. आमच्या फौंड्रीतला सुपरवायझर चंदगडचा, त्यानं आपल्या मुलखातल्या पावसाच्या गोष्टी सांगून मला आठवडाभर छळलं. सगळ्यांचं मत एकच, की मगदूम चुकतोय. फक्त कुठं चुकतोय यावर एकमत नव्हतं.

परवानगीचं तर विचारू नका. कागदावर माझ्या रिकाम्या जागेत एक पडकं घर उभं होतं. प्रत्यक्षात तिथं एक फणस आणि त्याखाली एक कुत्रं, बाकी काही नाही. कचेरीतले गृहस्थ म्हणाले, घर आहे तिथं नवीन घराची परवानगी कशी देणार? मी म्हटलं, घर नाही. ते म्हणाले, नोंद आहे. मी म्हटलं, चला दाखवतो. ते म्हणाले, बघून काय करू, नोंद आहे की. शेवटी तीन महिन्यांनी त्यांनीच तोडगा काढला : दुरुस्तीची परवानगी घ्या. त्यामुळं सरकारच्या लेखी मी काहीही बांधलेलं नाही, जे नव्हतं ते दुरुस्त केलंय. शिवाय नोंदीत दार एकच, म्हणून दार एकच ठेवायचं. मागचं दार मी खिडकी म्हणून मंजूर करून घ्यायला गेलो तर त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी स्वतः खोट्या कास्टिंगकडं बघताना वापरतो. गप्प परत आलो.

कामाला गवंडी मिळाला जोतीराम. हाताला चांगला, तोंडाला त्याहून चांगला. मी जायचो रविवारी, स्कूटरवरून, गेज आणि ओळंबा पिशवीत घालून. विटेचा प्रत्येक थर बघायचो, हे काढ, ते परत बांध. जोतीराम "व्हय साहेब" म्हणायचा. फार समाधान वाटायचं. पण कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर, आणि सूर्यास्ताआधी घरी ताटावर बसायचं, म्हणून मला साडेचारला निघावं लागायचं. गवंडी सहापर्यंत काम करायचे. पुढच्या रविवारी गेलं की, जे जे मी काढायला लावलेलं ते ते जिथल्या तिथं, वर प्लास्टर केलेलं. मी विचारलं की जोतीराम शांतपणे सांगायचा, तुम्ही गेल्यावर बघितलं तर तेच बरं दिसलं. माझं अर्धं घर साडेचार ते सहा या वेळात बांधलं गेलंय. ते मला न विचारता बांधलंय आणि खरं सांगायचं तर तेच सरळ आहे, पण तो मुद्दा नाही.

मुद्दा आला स्लॅबचा. मे संपत आलेला. मृगाच्या आत स्लॅब पडला नाही तर बावड्यात ऑक्टोबरपर्यंत कुणी घमेलं उचलत नाही, म्हणजे अव्वा आणखी एक पावसाळा तिसऱ्या मजल्यावर. मी जोतीरामला म्हटलं, गँग बोलव, मिक्सर बोलव. तो म्हणाला, बोलवतो, बकरं कधी आणताय?

आता हे परगावच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडं स्लॅब म्हटलं की मटण. घरमालकानं स्लॅबच्या दिवशी सगळ्या गँगला तांबडा-पांढरा रस्सा घालायचा, हा अलिखित कायदा आहे, आणि लिखित कायद्यापेक्षा तो कडक पाळतात. मी म्हटलं, अरे आम्ही जैन. माझी आई पाणी गाळून पिते, मुंगी दिसली तर पाऊल वळवते. मी पुरणपोळी घालतो, तूप वरून ओततो, पाहिजे तेवढं. जोतीरामनं माझी दया येऊन मला समजावलं. "साहेब, पुरनपोळी खाऊन काँक्रेट वर चढत न्हाय. पोरं झोपत्यात." शिवाय या आठवड्यात तालुक्यात अकरा स्लॅब, गँग दोन. जिथं बकरं तिथं गँग. मी उसन्या अवसानानं सांगितलं की माझ्या घरापायी जीव जाणार नाही, गेला तर माझी आई त्या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. हे खरंच होतं. अव्वानं पायाभरणीलाच सांगून ठेवलेलं की माझ्यापायी कुणाच्या नरड्याला हात लागला तर मी इथंच गॅलरीत मरेन, पण तिथं येणार नाही.

दोन दिवस गेले, गँग दुसरीकडं गेली. तिसऱ्या दिवशी जोतीरामचा फौंड्रीत फोन. तीस तारखेचा रविवार मोकळा आहे, त्यानंतर नाही. आणि मग तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्ही साडेचारला जाताय. तुम्ही गेल्यावर काय हुतंय, ते तुमाला काय ठावं?"

मी हो म्हटलं नाही. हे मी कुठल्याही देवासमोर सांगायला तयार आहे. मी नाहीही म्हटलं नाही. संध्याकाळी तो एमआयडीसीच्या फाटकावर आला तेव्हा मी त्याच्या हातावर पैसे ठेवले आणि 'किरकोळ खर्चाला' म्हणालो. त्यानंही कसला किरकोळ म्हणून विचारलं नाही. घरी येऊन चंदनाला, म्हणजे माझ्या बायकोला, आणि अव्वाला सांगितलं की गँग पुरणपोळीला तयार झाली, कातळेवाडीतच करून घेतील, तू काही त्रास घेऊ नकोस. अव्वाचा चेहरा इतका खुलला की मला तिथून उठावं लागलं. "बघ," ती म्हणाली, "माणसं वाईट नसत्यात. सांगायची रीत पायजे."

तीस तारखेला पहाटे मी निघालो. सातला पोचलो. गँग आलेली, बावीस माणसं, त्यात आठ बायका, त्यांची म्होरकी धोंडुबाई नावाची वाडीतलीच बाई. आणि सोप्याच्या खांबाला, अगदी दर्शनी, बकरं बांधलेलं. काळं, कपाळावर पांढरा टिकला, समोर फणसाचा पाला. मी जोतीरामला बाजूला घेऊन दात ओठ खात विचारलं, माझ्यासमोर कशाला? तो म्हणाला, गँगला दिसायला पायजे, नायतर काम उरकत न्हाय. आणि खरं होतं. घमेली अशी भराभर वर जात होती की मिक्सरवाल्याला दम खायला मिळेना. साडेदहाला अर्धा स्लॅब झाला. मी बकऱ्याकडं पाठ करून जाडी मोजत होतो. जाडी बरोबर होती. मनात म्हटलं, साडेचार वाजू देत, मी सुटलो.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. आधी सोमशेखर आण्णा उतरले, मग चंदना, मग दुकानातले दोन हमाल, आणि त्यांच्या हातांवर खुर्ची, आणि खुर्चीत अव्वा. आण्णांनी परस्पर ठरवलं होतं की घरच्या वडीलधाऱ्या बाईच्या हातची ओंजळभर खडी पडल्याशिवाय स्लॅब धरत नाही. बासष्ट पायऱ्या त्यांनी तिला उचलून आणलं. आयुष्यात या माणसानं पहिल्यांदा नुसता सल्ला न देता काही केलं, आणि ते याच दिवशी करायचं होतं. चंदनानं मागून दोन मोठी पातेली उतरवली. पहाटे मी निघाल्यापासून ती आणि शेजारणी लाटत बसलेल्या. नव्वद पुरणपोळ्या. म्हणाली, पुरणपोळीला तयार झालेत तर म्हटलं आपल्याच हातची घालू, परक्याची कशाला.

अव्वाची नजर खांबाकडं गेली. बकऱ्यानंही मान वर केली.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

जोतीराम वरून माझ्याकडं बघायला लागला. बावीस माणसं माझ्याकडं बघायला लागली. सोळा वर्षं खोटे नग ओळखणारा मी माणूस, पण त्या क्षणी तोंडातून निघालं, "दुधासाठी घेतलंय, अव्वा."

अव्वा खेड्यात वाढलेली. तिनं नुसतं वाकून बघितलं. "ह्याचं दूध कोण काढणार? तू?"

गँगमध्ये कुणीतरी हसलं. मला वाटलं, त्या अर्ध्या स्लॅबखाली जाऊन उभं राहावं आणि टेकू काढून टाकावेत. अव्वानं हमालांना सांगून खुर्ची खांबापाशी ठेवून घेतली, दाव्याची गाठ सोडली आणि दावं हाताला दोन वेढे देऊन बसली. वर घमेली थांबली. मिक्सर नुसताच फिरत राहिला.

जोतीराम खाली उतरला. तो अव्वाला काही उलट बोलला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. तो माझ्याशी बोलला. बोलणं झालंय, पैसे घेतलेत, पोरं त्यावर आलीत, आता बकरं नसेल तर गँग जाणार. मी म्हटलं, अरे अर्धा स्लॅब टाकलाय, थांबला तर सांधा धरणार नाही, उद्या गळेल, मला कामाची लाज आहे. तो म्हणाला, मलाबी हाय, पण पोटाला लाज नसती. पश्चिमेला घाटावर ढग जमायला लागलेले. सोमशेखर आण्णा म्हणाले की त्यांना हे आधीपासून दिसतच होतं.

मग धोंडुबाई आली आणि अव्वाच्या पायाशी उकिडवी बसली. दोघी बराच वेळ बोलल्या. आधी अव्वाच्या वडिलांच्या दुकानाविषयी बोलल्या, हे मला तेव्हा असह्य झालं, पण बायकांचं कामाचं बोलणं तसंच सुरू होतं. मग धोंडुबाईनं सरळ सांगितलं की आजी, आम्हाला वर्षाला पावसाळ्याआधीचे दहा-बारा स्लॅब मिळतात, तेव्हा मटण दिसतं. पाठीवर दगड उचलतो त्याचा तो मान आहे. तुमच्या धर्माला नको असेल तर नको म्हणायचं होतं, आम्ही आलो नसतो. कबूल का केलं?

अव्वानं मान हलवली. म्हणाली, तुझं बरोबर आहे. मग चंदनाकडून कुंकू मागितलं, बकऱ्याच्या टिकल्यावर लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे देवाला सोडलं."

आता आमच्या भागात देवाच्या नावानं सोडलेल्या जनावराला कुणी हात लावत नाही. लावला तर त्याच्या घराचं काही खरं नाही. बायकांनी तोंडावर हात ठेवले. जोतीरामचा चेहरा पडला. मी घाईघाईनं तिच्या कानाशी लागून विचारलं, अव्वा, आपल्यात कुठं असं सोडतात? कुठल्या देवाला सोडलंस?

"जो बकरं मागत न्हाई त्या देवाला," ती म्हणाली. आणि मग गँगला म्हणाली, "माझ्या लेकानं तुम्हाला फसवलं. जेवायला घालीन, मटण घालणार न्हाई. पटत नसलं तर जावा. अर्धा ऱ्हाऊ दे. मी तिसऱ्या मजल्यावर ऱ्हाईन, मला सवय हाय."

मला बोलायचं होतं. मला म्हणायचं होतं की अव्वा, हे सगळं तुझ्यासाठी केलं, सात महिने रविवार पाहिला नाही, कचेरीचे उंबरे झिजवले, सर्वांकडून मूर्ख ठरवून घेतलं, आणि तू बावीस माणसांदेखत मला फसवणारा म्हणतेस? आणि हो, मी म्हटलं. थोडं आवाज चढवूनच म्हटलं. हेही म्हटलं की ही माणसं उद्या दुसऱ्याच्या स्लॅबला बकरं खाणारच आहेत, त्यांना तू काही म्हणत नाहीस.

अव्वानं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "ते खात्यात ते तोंडावर सांगून खात्यात," ती म्हणाली. "तू साडेचारला निघणार हुतास."

मी मनगटावरचं घड्याळ बाहीत सरकवलं. लोकांनी जे हवं ते म्हणावं.

पहिलं घमेलं धोंडुबाईनं उचललं. तिच्यामागून एक बाई उठली, मग दुसरी. गडी थोडा वेळ बसून राहिले. मग जोतीरामनंच त्यांना शिव्या घातल्या, की अर्धा स्लॅब टाकून गेलात तर तालुक्यात माझं नाव काय राहील. उरलेला अर्धा स्लॅब पहिल्यासारखा धावत झाला नाही, कण्हत झाला, पण झाला. अव्वानं खुर्चीतूनच ओंजळभर खडी घमेल्यात टाकली. मला एक घमेलं हातात देण्यात आलं. कुणी दिलं ते बघितलं नाही. सोळा वर्षांत मी खडूपेक्षा जड काही उचललेलं नाही. पाच वाजता कंबर सरळ होईना. साडेचार कधी वाजून गेले ते कळलंही नाही.

सूर्य बुडायच्या आत पंगत बसली. अव्वानं मला गँगच्या मधोमध बसवलं, जोतीरामसमोर, तोंड त्यांच्याकडं करून. नव्वद पुरणपोळ्या, चंदनानं आणलेलं तूप, वाडीतनं आलेलं दूध. दमलेली, घामानं डबडबलेली माणसं ज्या नजरेनं माझ्याकडं बघत पुरणपोळी चावत होती ती नजर मी जन्मभर विसरणार नाही. बकरं पंगतीतून मोकळं फिरत होतं, एकेकाच्या पत्रावळीत तोंड घालत होतं, आणि देवाचं म्हणून त्याला कुणी हाकलू शकत नव्हतं. जोतीरामच्या पानातली पोळी त्यानं खाल्ली तेव्हा जोतीरामनं डोळे मिटून घेतले.

अव्वानं सगळ्यांना विचारलं, पोट भरलं का?

"न्हाय," जोतीराम म्हणाला. बाकीच्यांनीही मान हलवली. अव्वा दिलखुलास हसली, मी तिला दोन वर्षांत असं हसताना बघितलं नव्हतं. म्हणाली, खरं बोललात, आणखी वाढते. आणि खुर्चीतून उठली. चप्पल काढली. मी धावलो तर मला हातानं बाजूला करून तिनं धोंडुबाईचा खांदा धरला. मातीवर पाऊल ठेवलं. दोन्ही पाय ठेवून तिथंच थांबली जरा वेळ. मग अंगण ओलांडून त्या एकुलत्या एक दारातून, टेकूंच्या रानात, वाकून आत गेली. मला वाटलं, काहीही होवो, आली ना घरात.

आतून तिचा आवाज ऐकू येत होता. इथं माझी खाट. इथं चूल. पावसात बकऱ्याला इथं आडोसा, भिंतीला लागून, म्हंजे वारं लागणार न्हाई. धोंडुबाई, तू दुपारी येऊन टेकत जा, तुझी जागा ही. चंदनाला सुट्टीत यायचं झालं तर ती तिकडं खिडकीपाशी.

मी दारात उभा राहून, शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "आणि अव्वा, मी रविवारी आलो तर?"

ती आतल्या अंधारात एका टेकूला हात लावून, तो पक्का आहे का हे बघत होती. बघून झाल्यावर म्हणाली, "तुझं अजून ठरलेलं न्हाई."